हडपसरचा मनोरा, ७९२ किलोहर्ट्झ आणि तो चालता ठेवणारी माणसं

स्वरगंध_पुणे (धागाकर्ता)

पुण्यात रेडिओचा विषय निघाला की बोलणं निवेदक, गाणी आणि जुने कार्यक्रम यांच्यापाशी येऊन थांबतं. सुधा नरवणे यांच्या आवाजातल्या बातम्या आठवणारी घरं पेठांत अजून कितीतरी आहेत आणि ती आठवण जपायलाच हवी. पण तो आवाज शिवाजीनगरच्या स्टुडिओतून हडपसरला आणि तिथून थेट डोंगरातल्या ओसरीवर पोचवणाऱ्या माणसांबद्दल मराठीत फारच थोडं लिहिलं गेलंय. ट्रान्समीटरवर पाळी करणारा तंत्रज्ञ नेमकं काय करतो, कशावर लक्ष ठेवतो, कशाला घाबरतो, हे श्रोत्यापर्यंत कधी आलंच नाही. हा धागा त्यांच्यासाठी काढतोय.

आधी थोडी पार्श्वभूमी. आकाशवाणीचं पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झालं. मध्यम लहरींवर ते ७९२ किलोहर्ट्झवर लागतं. ट्रान्समीटर हडपसरला, ताकद १०० किलोवॉट. सोलापूर रस्त्यावरच्या बसथांब्यालाही 'आकाशवाणी' हेच नाव आहे. विविध भारती आता एफएमवर १०१ मेगाहर्ट्झला मिळते. विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या १९६७ मध्ये, तेव्हा पहिल्या प्रयोगात मुंबई आणि नागपूरसोबत पुणंही होतं, हे आपल्याकडे फार जणांना ठाऊक नसतं.

७९२ हा आकडा असाच कुणाच्या मनात आलेला नाही. त्याला ९ने भाग जातो. मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८, नागपूर ५८५, जळगाव ९६३, रत्नागिरी ११४३, सांगली १२५१, परभणी १३०५. सगळ्यांना ९ने भागून पाहा. जगाच्या आपल्या भागात मध्यम लहरींवरची स्टेशनं ९ किलोहर्ट्झच्या अंतराने बसवायची, असा करार १९७५ साली जिनिव्हात झाला आणि २३ नोव्हेंबर १९७८ पासून तो अमलात आला. म्हणजे एका रात्रीत कितीतरी देशांतल्या ट्रान्समीटरवाल्यांना आपापली यंत्रं नव्या आकड्यांवर आणावी लागली. श्रोत्यांनी सकाळी सुई जराशी सरकवली आणि चहा घेतला. त्या रात्री जागलेल्यांबद्दल कुणी कुठे लिहिलं असेल तर मला वाचायचंय.

दुसरी गोष्ट लांबीची. ७९२ किलोहर्ट्झची लहर सुमारे ३७९ मीटर लांब असते. तिचा पाव भाग धरला तरी ९५ मीटर होतो. एवढ्या लहरीसाठी वेगळी अँटेना करून मनोऱ्यावर टांगता येत नाही, उभा मनोराच अँटेना होतो. एफएमच्या १०१ मेगाहर्ट्झला लहर जेमतेम ३ मीटरची. तिथे मनोरा नुसता आधार असतो, खरी अँटेना वर बसवलेली. हा फरक एकदा कळला की दोन्हीकडच्या माणसांची कामं इतकी वेगळी का, तेही कळतं.

माझं म्हणणं सरळ आहे. मध्यम लहरी जुन्या झाल्या म्हणून हळूहळू बाजूला सारल्या जातायत, आणि ते यंत्र ज्यांच्या हातात बसलंय ती पिढी निवृत्त होतेय. मनोरा ठेवायचा की काढायचा यावर वाद होऊ दे, पण हे हातातलं ज्ञान आधी कागदावर यायला हवं. ज्यांनी ट्रान्समीटरवर, स्टुडिओ ते ट्रान्समीटर लिंकवर, कंट्रोल रूममध्ये काम केलंय त्यांनी कृपया लिहावं.

कानडाऊ

वाचतोय. धाग्याबद्दल मनापासून धन्यवाद.

बाणेर_आरएफ

विषय चांगला आहे. मी मोबाईल नेटवर्कच्या कामात असतो, त्यामुळे थोडी वेगळी बाजू मांडतो.

१०० किलोवॉट हा नुसत्या वाहक लहरीचा, म्हणजे आवाज वाहून नेणाऱ्या मूळ लहरीचा, आकडा आहे. आवाज पूर्ण चढला की ताकद १५० किलोवॉटपर्यंत जाते. जुन्या व्हॉल्व्हच्या, म्हणजे निर्वात नळ्यांच्या, यंत्रात त्याच्याही वर बरीच वीज उष्णता होऊन निघून जायची. दिवसभर एवढी वीज ओतायची, आणि शहरातल्या श्रोत्याला मिळते ती खरखर. एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर, लिफ्ट, सगळे मध्यम लहरींवर कचरा टाकतात. माझ्या सोसायटीत ७९२ नीट लागत नाही, हडपसर इतकं जवळ असूनही. एफएम स्वच्छ आहे आणि न्यूज ऑन एअर अ‍ॅपवर केंद्रं जगभर ऐकू येतात. तंत्रज्ञांबद्दल आदर पूर्ण आहे, पण आदर वाटतो म्हणून यंत्र चालू ठेवायचं हे मला पटत नाही.

जावळीकर

बाणेरकर दादा, आमच्याकडं येऊन बघा मग.

मी मेढ्याच्या वरच्या अंगाला, वेण्णेच्या खोऱ्यात राहतो. दोन्ही बाजूला डोंगर. एफएम लागतं ते घरामागच्या टेकाडावर चढलं तर. पाऊस लागला की लाइट जाते, दुसऱ्या दिवशी मोबाईलचा टॉवर पण बंद, कारण त्याची बॅटरी आणि डिझेल संपतं. तेव्हा पुणं लागतं फक्त. दोन सेल टाकलेला रेडिओ. आमची आई अजून हवामान आणि बाजारभाव ऐकते, आणि त्यावरनं भात कापायचा का थांबायचं हे ठरवते.

एक विचारायचं होतं. दिवसा पुणं स्वच्छ लागतं. रात्री आठ-नऊनंतर आवाज वर जातो, खाली जातो, मधेच घोगरा होतो. सेट दोनदा दुरुस्त करून आणला, फरक नाही. ह्याचं काय कारण?

अर्थिंग_काका

जावळीकर, सेट दुरुस्तीला परत नेऊ नका, तो ठीक आहे.

मध्यम लहर दोन वाटांनी येते. एक जमिनीला धरून. ती डोंगराला वळसा घालते, दरीत उतरते, म्हणून तुमच्या खोऱ्यात पुणं लागतं. दुसरी आकाशाकडे जाते. दिवसा सुमारे ६० ते ९० किलोमीटर उंचीवरचा वातावरणाचा एक थर तिला शोषून घेतो, म्हणून ती परत येत नाही. सूर्य मावळला की तो थर विरतो. मग ती आणखी वर जाऊन परावर्तित होते आणि खाली येते. तुम्ही मनोऱ्यापासून अशा अंतरावर आहात की रात्री दोन्ही वाटांच्या लहरी सारख्याच जोराच्या होऊन येतात. कधी एकमेकींना जोडतात, कधी खोडतात. खोडल्या की आवाज बसतो आणि घोगरा होतो. रेडिओ आडवा फिरवून पाहा. आतल्या फेराइटच्या कांडीची, म्हणजे रेडिओच्या अँटेनाची, दिशा बदलली की काही वेळा सुधारतं.

आता धाग्याच्या विषयाकडे. माझी नोकरी वेगवेगळ्या ट्रान्समीटरवर गेली, बहुतेक व्हॉल्व्हच्या काळात आणि शेवटी शेवटी सॉलिड स्टेटवर, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या यंत्रांवर. केंद्रांची नावं घेत नाही, काम सांगतो.

व्हॉल्व्हचं यंत्र बटण दाबून चालू होत नाही. सभा, म्हणजे प्रसारणाचं सत्र, पहाटे सुरू होणार असेल तर माणूस त्याच्या बराच आधी पोचलेला असतो. प्रथम कूलिंग: पंखे, पाण्यावरचं यंत्र असेल तर पंप, पाण्याचा प्रवाह. पाणीही डिस्टिल्ड लागतं, कारण त्या पाण्यातच हजारो व्होल्टचा भाग बसलेला असतो. मग फिलामेंट. ते सावकाश तापू द्यायचं, घाई केली तर व्हॉल्व्हचं आयुष्य कमी होतं, आणि मोठा व्हॉल्व्ह फार महाग. शेवटी एचटी, म्हणजे उच्च दाबाची वीज. आधी कमी ताकदीवर, मीटर बघत, मग पूर्ण. सूचक धून वाजते तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं आता सुरू झालं. आमचं तोवर निम्मं काम झालेलं असायचं.

पाळी सुरू झाली की लॉगबुक. ठरलेल्या वेळी प्रत्येक मीटरचं वाचन: प्लेट करंट, फिलामेंट व्होल्ट, मॉड्युलेशन, अँटेना करंट, अँटेनाने न घेतल्यामुळे परत येणारी ताकद. नुसते आकडे लिहून भागत नाही, कालच्या आकड्याशी ताडून बघायचे. अँटेना करंट रोज जरा जरा सरकत असेल तर मनोऱ्याखाली काहीतरी बिघडतंय. माझ्या पहिल्या सीनियर टेक्निशियनने मला शिकवलं होतं की मॉनिटरवर आवाज नेहमी हवेतून आलेला ऐकायचा, स्टुडिओतून आलेला नाही. स्टुडिओतून येणारा आवाज आपल्याला काय मिळालं ते सांगतो. लोकांना काय मिळतंय ते रेडिओवरच कळतं.

मनोऱ्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण लोकांना वरचं दिसतं, खालचं दिसत नाही.

मनोराच अँटेना असेल तर तो जमिनीला टेकवून चालत नाही. टनावारी वजनाचा तो लोखंडी सांगाडा चिनी मातीच्या इन्सुलेटरवर उभा असतो. बाजूने ताणलेल्या तारांमध्येही ठरावीक अंतरावर इन्सुलेटर घालून त्यांचे तुकडे पाडलेले असतात, नाहीतर त्या तारा स्वतःच अँटेना होऊन बसतील. वरच्या लाल दिव्यांना वीज द्यायची तर साधी वायर नेता येत नाही, त्यासाठी वेगळा ट्रान्सफॉर्मर किंवा चोक लागतो. पायथ्याशी छोटी खोली असते, तिच्यात कॉइल आणि कपॅसिटर. फीडरमधून, म्हणजे ट्रान्समीटरपासून मनोऱ्यापर्यंतच्या लाइनीतून, आलेली ताकद मनोऱ्यात पूर्ण उतरावी म्हणून तिथे जुळणी करतात.

आणि जमिनीखाली तांब्याच्या तारा. पुस्तकी मांडणी १२० तारांची, मनोऱ्याच्या पायथ्यापासून चहूबाजूंना, प्रत्येक साधारण पाव लहर लांब. ७९२साठी हिशोब करा: ११ किलोमीटरच्या वर तांबं जमिनीत. लहर जमिनीला धरून जाते ती या जाळ्याच्या जोरावर. कुणी खोदकामात तार तोडली, कुणी तांबं चोरलं, तर यंत्र पूर्ण ताकद दाखवत राहतं आणि गावं मात्र एकेक करून दूर जातात. म्हणून पायथ्याचं गवत कापणारा, कुंपणाभोवती फेरी मारणारा हेल्पर हा ट्रान्समीटरचाच भाग आहे. जमिनीतल्या तारेचं टोक उघडं पडलेलं सर्वात आधी त्यालाच दिसतं.

वीज पडणं हा वेगळाच अध्याय. मनोऱ्याच्या पायथ्याशी दोन गोळे थोडं अंतर ठेवून बसवतात. वीज पडली की ठिणगी त्या फटीतून जमिनीत जाते, यंत्र क्षणभर बंद होतं आणि आपोआप परत येतं. ऐकणाऱ्याला एक खटका ऐकू येतो, बस. एका केंद्रावर वळिवाच्या पावसात मात्र जुळणीच्या खोलीतला कपॅसिटर फुटला. जागेवर तसाच दुसरा नव्हता. आमच्या टेक्निशियनने अडगळीतले दोन वेगळ्या किमतीचे कपॅसिटर समांतर जोडून हवी ती किंमत आणली, कमी ताकदीवर तपासलं आणि संध्याकाळच्या सभेला आम्ही हवेत होतो. श्रोत्यांनी त्या दिवशी कार्यक्रमाबद्दल पत्रं लिहिली असतील. त्या टेक्निशियनबद्दल मी आज लिहितोय.

स्वरगंध_पुणे

काका, असंच हवं होतं. सॉलिड स्टेट आल्यावर काय बदललं?

अर्थिंग_काका

एका मोठ्या व्हॉल्व्हच्या जागी कितीतरी लहान मॉड्यूल आले. पालखीला अनेकांचे खांदे असतात, एकाने खांदा काढला तरी पालखी थांबत नाही, बाकीच्यांवर थोडा भार वाढतो, तसं. मॉड्यूल गेलं की ताकद जराशी उतरते, प्रक्षेपण चालू राहतं, आणि मॉड्यूल बदलता येतं. बाणेर_आरएफ यांच्या विजेच्या मुद्द्याला उत्तर इथे आहे. व्हॉल्व्हच्या यंत्रापेक्षा खूप जास्त वीज आता अँटेनात जाते, उष्णतेत कमी. शिवाय आवाजाच्या चढउतारानुसार वाहक लहर कमीजास्त करून आणखी वाचवता येते.

तोटाही सांगतो. पूर्वी मीटरचा काटा थरथरला तरी आम्हाला दोष कुठे असेल याचा अंदाज यायचा. आता पडद्यावर दोषाचं नाव येतं. पण मनोरा, फीडर, जमिनीतल्या तारा अजून त्याच आहेत, आणि त्यांचा दोष पडदा सांगत नाही.

जुन्या_नोंदी

पुण्याच्या रेडिओबद्दल बोलताना १९५६चा प्रयोग राहून जाऊ नये.

त्या वर्षी पुणे केंद्रावरून शेतकऱ्यांसाठी रेडिओ मंडळांचा प्रयोग झाला, युनेस्कोच्या मदतीने. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर असे पाच जिल्हे, १५० गावं. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, एकूण २०. गावातले लोक सामुदायिक सेटभोवती बसायचे, कार्यक्रम संपला की त्यावर चर्चा करायचे, आणि प्रश्न केंद्राकडे पाठवायचे. त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांतून मिळायची. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसने त्याचं मूल्यमापन केलं आणि १९५९ पासून ही कल्पना देशभर नेली गेली.

यात मला महत्त्वाचं वाटतं ते हे: अशा प्रयोगात गावातला सेट बंद असेल तर कार्यक्रम कितीही चांगला असो, त्या गावापुरता तो झालाच नाही. वीज नसलेल्या गावात बॅटरी वेळेवर बदलणारा आणि सेट दुरुस्त करणारा माणूस हा त्या प्रयोगाचा कणा होता. प्रसारणाच्या इतिहासात ट्रान्समीटरच्या तंत्रज्ञालाच जागा मिळालेली नाही, मग या फिरत्या मेकॅनिकला कुठून मिळणार?

कॅम्पस_रेडिओताई

मी पुण्यातल्या एका सामुदायिक केंद्रावर काम करते. आमचं जग काकांच्या जगाच्या दुसऱ्या टोकाला. सामुदायिक रेडिओला साधारण १०० वॉटपर्यंत परवानगी असते, म्हणजे हडपसरच्या एक हजारांश. अँटेना जास्तीत जास्त ३० मीटर उंचीवर. विद्यापीठाची विद्यावाणी १०७.४ वर ऐकली असेल, तीही याच प्रकारातली.

इथे हेल्पर, टेक्निशियन, इंजिनिअर असे वेगळे हुद्दे नसतात. जी मुलगी सकाळी आरोग्याचा कार्यक्रम ध्वनिमुद्रित करते तीच दुपारी केबलचा कनेक्टर सोल्डर करते. पावसाळ्यात कनेक्टरमध्ये पाणी शिरलं की परत येणारी ताकद वाढते आणि ट्रान्समीटर स्वतःला वाचवायला ताकद उतरवतो. मग आम्ही गच्चीवर टेप, सिलिकॉन आणि टॉर्च घेऊन. काका, तुमचं 'हवेतून आलेला ऐकायचा' हे आज स्टुडिओत लिहून लावलं. आमची मुलं हेडफोनमध्ये मिक्सरचाच आवाज ऐकतात आणि सगळं ठीक आहे असं समजतात.

खोडदकर

थोडं वेगळ्या बाजूने. आमच्या गावाशेजारी जीएमआरटी आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिशची दुर्बीण. १४ डिश मध्यभागी, १६ तीन बाजूंना पसरलेल्या. ती आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी ऐकते, आणि त्या इतक्या क्षीण असतात की माणसाने केलेला कुठलाही गोंगाट तिला जड जातो.

एफएम ट्रान्समीटर १०१ मेगाहर्ट्झवर असला तरी यंत्रात थोडी ताकद दुप्पट वारंवारतेवरही तयार होते, म्हणजे २०२. ती दुर्बिणीच्या कामाच्या पट्ट्यात येते. म्हणून ट्रान्समीटरच्या तोंडाशी फिल्टर असतो, तो दुप्पट-तिप्पट वारंवारता अडवतो. तो फिल्टर नीट बसवणं, वेळोवेळी मोजणं, हे करणारा तंत्रज्ञ आपल्या श्रोत्यांइतकंच खगोलशास्त्रज्ञांचंही काम करत असतो. दोघांची कधी गाठ पडत नाही एवढंच.

बाणेर_आरएफ

जावळीकर, तुमचा मुद्दा मान्य. बॅकअप संपला की आमचे टॉवर बसतात हे मला आतून माहीत आहे. आणि एक गोष्ट मी लिहायला हवी होती: प्रसारणात ऐकणारे दहा असोत की दहा लाख, ट्रान्समीटरवर भार तोच राहतो. संकटाच्या वेळी मोबाईल नेटवर्क नेमकं इथेच कोसळतं.

तरी माझं मत पूर्ण बदललेलं नाही. आकाशवाणीने मध्यम लहरींवर ३५ ठिकाणी डीआरएमचे, म्हणजे डिजिटल प्रसारणाला सक्षम ट्रान्समीटर बसवले. त्यात आवाज स्वच्छ, एकाच वाहिनीत एकाहून जास्त कार्यक्रम, सोबत मजकूर आणि आपत्तीची सूचनाही पाठवता येते. ताकदही कमी लागते. पण काही गाड्यांतले स्टिरिओ सोडले तर ते ऐकायला सेट कुठे आहेत? जावळीकरांच्या आईला परवडेल असा सेट बाजारात नाही, तोवर हे सगळं कागदावर. मनोरा ठेवायचा असेल तर सेटचाही विचार त्याच टेबलावर व्हायला हवा. नुसतं ट्रान्समीटरचं बघून उपयोग नाही.

जावळीकर

हे खरं बोललात. आणि तवर आहे ते बंद करू नका म्हणावं.

तपकीरगल्ली

सेटवरून आठवलं. माझं दुकान जुन्या रेडिओच्या दुरुस्तीचं. मध्यम लहरीवर खरखर येते म्हणून लोक सेट घेऊन येतात. दहातल्या बहुतेक सेटना काही झालेलं नसतं, दोष घरातल्या दिव्यांचा असतो.

बाणेर_आरएफ आणि इतर शहरवासीयांसाठी सांगतो. सेलवर चालणारा रेडिओ घ्या, घरातला मेन स्विच दोन मिनिटं बंद करा आणि ७९२ लावा. खरखर गेली तर कचरा तुमच्याच घरात आहे. मग एकेक एमसीबी चालू करत जा, खरखर परत आली की गुन्हेगार सापडला. बहुतेक वेळा स्वस्त एलईडीचा ड्रायव्हर किंवा फोनचा चार्जर निघतो. चार्जरची वायर फेराइटच्या कड्यातून दोन-तीन वेढे देऊन घ्या, फरक पडतो. सेट खिडकीशी ठेवा, टीव्ही आणि राउटरपासून लांब. मेन स्विच बंद करूनही खरखर राहिली तर ती शेजाऱ्याची किंवा रस्त्यावरच्या दिव्यांची. मग सेट आडवा फिरवून खरखर कमी होणारी दिशा शोधा.

जुने सेट हवे असतील तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात बघा. घेताना बॅंडची सुई फिरवून गँग कंडेन्सर, म्हणजे स्टेशन लावणारा भाग, अडकत नाही ना, हे तपासा. बाकी सगळं मिळतं, चांगला गँग मिळत नाही.

बाणेर_आरएफ

करून पाहिलं. माझ्या अभ्यासिकेतल्या टेबललॅम्पचा ड्रायव्हर निघाला. तो बंद केला की हडपसर स्वच्छ लागतंय. जुळणीच्या खोलीबद्दल काकांना विचारायचंय: पावसाळ्यात जमीन ओली झाली की मनोऱ्याची जुळणी सरकते का?

अर्थिंग_काका

सरकते. ओल्या जमिनीची वाहकता वाढते, अँटेना करंट बदलतो, परत येणारी ताकद थोडी हलते. म्हणून जून आणि ऑक्टोबरची वाचनं वेगळी ठेवायची. माझ्याकडे माझ्या स्वतःच्या वह्या आहेत, त्यात दर ऋतूच्या नोंदी, कुठल्या दोषाला काय लक्षण दिसलं, काय केलं, हे लिहिलेलं आहे. स्वरगंध, तुम्ही टंकून द्यायला तयार असाल तर एकेक वही देतो. सुरुवात अर्थिंगच्या वहीने करू, कारण त्या विषयावर नव्या मुलांना सांगणारं कुणी राहिलेलं नाही. ताई, तुमच्या केंद्रावरच्या मुलांनाही बोलवा, मोजायचं कसं ते हातात मीटर देऊनच शिकवता येतं.

कॅम्पस_रेडिओताई

काका, मुलं तयार आहेत. मीटर आमच्याकडे आहे, क्लॅम्पचा अर्थिंग टेस्टर. चालेल ना?

अर्थिंग_काका

तुमच्या मनोऱ्याच्या अर्थिंगला चालेल, पण अर्थिंगला एकच खड्डा असेल तर क्लॅम्पचं वाचन खरं येत नाही, त्याला परतीची वाट लागते. तीन खुंट्यांचा टेस्टरही आणा. दोन्हींनी मोजू.